बिंबलं

आंब्याच्या खालच्या फांदीला सुंभाने टांगली आहे फ्रेम.
चाकं केव्हाच गेली, सीट कुणी नेलं ठाऊक नाही,
हँडल चुलीमागे सापडलं, त्यावर फडकी वाळत होती.
खाली घमेलं. घमेल्यात ठेचलेली बिंबलं,
हिरवट, नुसत्या वासाने दात शिवशिवतील अशी.

बाजारात बाटली मिळते, इनास म्हणाला होता,
लावली की गंज गळतो.
मग परसात बघून स्वतःच हसला:
"झाड वाकलासा बिंबलांनी, आणि बाटली कित्याक गे?"

फडकं भिजवून नळीला गुंडाळायचं,
तासभर थांबायचं, मग घासायचं.
ऐंशी नंबरचा कागद दुपारीच संपला.
काथ्या संपत नाही.
आधी सुटतात पापुद्रे, भाजल्या काजूच्या सालासारखे,
मग तांबडा चिखल,
मग काळा डाग, जो हलत नाही,
आणि त्याच्याही खाली कुठेतरी, नखाएवढं,
लोखंड.

आबा शिरोड्याच्या मिठागरात काट्यावर होते.
पोतं, वजन, वही. पोतं, वजन, वही.
घरी यायचे तेव्हा पायाच्या केसांत मीठ,
घड्याळाच्या पट्ट्याखाली मीठ,
साखळीत मीठ कुरकुरायचं.
आधी सायकल, मग हातपाय, मग जेवण.
रॉकेल आणि खोबरेल, निम्मं निम्मं,
फाटक्या बनियनच्या तुकड्याने एकेक नळी,
पोटाखालून सुद्धा, वासराला पुसतात तशी.
आई आतून ओरडायची, कढी निवतेय.
"कढी परत तापवूक येता," आबा म्हणायचे,
"लोखंड गेला काय परत येणा नाय."

मग त्यांची उजवी बाजू गेली.
शब्द गेले, एक सोडून. "ती."
पाणी म्हणजे ती, भूक म्हणजे ती, आईही ती.
संध्याकाळी ओट्यावर बसवलं की
डावा हात उचलून खोपीकडे दाखवायचे,
ती, ती.
मला वाटायचं, फिरायला जायचंय.
मी खुर्चीसकट रस्त्यापर्यंत न्यायचे.
ते मान वळवून मागेच बघत राहायचे.
सत्यभामा वयनी म्हणाली, आजाऱ्याला काहीबाही दिसतं,
तू मनावर घेऊ नको.
मी घेतलं नाही.
दोन पावसाळे.

आज खालची नळी घासताना,
कोपर दुखायला लागलं तेव्हा,
कळलं ते काय सांगत होते.
साधं होतं. रॉकेलचा डबा कुठे असतो
तेही मला माहीत होतं.

घासत राहिले. दुसरं काय करणार.

पेडलजवळ, जिथे नळ्या एकत्र येतात,
तिथे काथ्या आत गेला.
भोक. करंगळी जाईल एवढं.
फ्रेम उलटी केली तर आतून पडलं
कुंभारीण माशीचं मातीचं घर, मूठभर तांबडा चुरा,
आणि काहीतरी पांढुरकं, ओलसर.
जिभेला लावलं. खारट.
की माझ्याच बोटांचा घाम, सांगता येत नाही.

इनासने वाकून पाहिलं, नळीवर टकटक केली,
कान देऊन ऐकलं.
"डाग मारून दितंय. पण वर बसा नको."
मी म्हटलं, बसायचं कुणाला आहे.
तो काही बोलला नाही, चड्डीला हात पुसत उठला.

धुतली. पुसणार तर गॅसवरचं दूध आठवलं.
आत जाऊन आले, दोन मिनिटं असतील,
तेवढ्यात नळीभर हळदीचा हात फिरल्यासारखा
नवा गंज. कोवळा.
वारा मिठागराकडून होता.

पुन्हा फडकं, पुन्हा बिंबलाचं पाणी, पुन्हा धू.
ह्या खेपेला तिथेच उभी राहिले.
पुसली, उन्हात फिरवली, परत पुसली.
रॉकेल आता मिळत नाही,
नुसतं खोबरेल लावलं, बनियन माझ्या मुलाचं.
पोटाखालून सुद्धा.

बोटं आंबट, नखं तांबडी,
भोकाभोवती तेल मुरत नाही, ओघळतं.
आतून कुणीतरी हाक मारतंय,
कढी निवतेय म्हणून.